चिकट्या

डॉक्टरीणबाईंनी त्या जागेचं नाव घेतलं आणि ती खुर्चीत दचकली. तसं ते कुणा माणसाचं नाव नव्हतं. एका प्रथिनाच्या लांबलचक साखळीतल्या एका दुव्याचं नाव होतं ते, एक अक्षर आणि त्यापुढे आकडा. पण हे नाव तोंडपाठ असलेली सगळ्या जगातली माणसं एका टेबलाभोवती आरामात मावली असती, आणि ती सगळी तिच्याच प्रयोगशाळेत काम करत होती. मुलांच्या दवाखान्यातल्या या खोलीत, भिंतीवरच्या जिराफाखाली, धाकट्या बहिणीच्या मांडीवर बसलेल्या भाचीबद्दल बोलताना, ते नाव कुणाच्या तोंडून यायचं काही कारणच नव्हतं. "पुन्हा सांगता?" ती म्हणाली. बाईंनी पुन्हा सांगितलं. तेच.

"हा बदल मुलीत आहे," बाई सांगत होत्या, "आणि तो ज्या प्रथिनात आहे, ते म्हणजे पेशीतला पहारेकरी. विषाणूचं आरएनए आत आलं की ओरडायचं, हे त्याचं काम. मुलीच्या रक्तात तशी ओरड सतत चालू आहे. मेंदूतली सूज त्यानंच, पाय ताठतायत ते त्यानंच, बोटं जांभळी पडतात ती त्यानंच. ती ओरड थांबवणारं औषध आहे माझ्याकडे. पण हा नेमका बदल आजवर कुठल्याच रुग्णात दिसलेला नाही. तो गुन्हेगार आहे का नुसताच तिथे उभा होता, हे कसं ठरवू? आणि कुठेतरी खरोखरच विषाणू लपलेला असला, तर ओरड बंद करणं म्हणजे चोराला दार उघडून देणं. पुराव्याशिवाय मी नाही देणार." धाकटी तिच्याकडे वळली. "ताई, बोल ना काहीतरी. तुला कळतं यातलं, म्हणून तर आणलं तुला." मुंगीनं – भाचीला सगळे मुंगीच म्हणत, होतीच तेवढीशी – मावशीच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी ओढली. मावशीनं ती अलगद सोडवून घेतली. "मला जरा बघू दे," एवढंच ती म्हणाली. "बघू दे काय? पाय रोज वाकडे होतायत तिचे," धाकटी म्हणाली, आणि डॉक्टरांसमोर भांडायला नको म्हणून मुंगीचे पाय चोळू लागली.

रस्त्यावर आल्यावर ती प्रयोगशाळेच्या दिशेनं चालायला लागली, आणि बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं की आपण उलट्या दिशेला चाललोय. मग ती वळली. ऊन होतं, लोक डबे घेऊन झाडाखाली बसले होते, एका दुकानाचं शटर अर्धं वर अडकलं होतं आणि दोघं जण त्याला खालून खांदा देत होते. पहारेकरी. हा शब्द तिला कधीच आवडला नव्हता. सगळे वापरतात, मुलांना शिकवताना तीही वापरते, पण पहारेकऱ्याला डोळे असतात, आणि हा रेणू तर ठार आंधळा. तो वाचत नाही, चाचपतो. आरएनएच्या धाग्यावर काय लिहिलंय याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नाही. त्याचा एक चुलतभाऊ आहे, तो धाग्याचं नुसतं टोक बघतो: टोकाला टोपी घातलेली आहे का तीन फॉस्फेटांचं बोडकं डोकं. टोपी असली तर आपला, बोडका असला तर परका. पण हा तसा नाही, हा मधलं अंग चाचपतो. विषाणू स्वतःच्या नकला काढतो तेव्हा दुपदरी धागा तयार होतो, लांब, सरळ, नव्या जिन्याच्या कठड्यासारखा. हा रेणू अर्धवट मिटलेल्या मुठीसारखा त्यावर बसतो. शेजारी दुसरा बसतो, त्याला टेकून तिसरा, आणि रांग पुरेशी लांब झाली की पेशी बोंब ठोकते. आपल्या स्वतःच्या पेशीतही दुपदरी धागे असतात, नाहीत असं नाही. पण ते ओबडधोबड, मध्येच जोडी जुळत नाही, तिथे फुगवटा येतो. तिथे मूठ नीट बसत नाही. रेणू थोडं इंधन जाळतो आणि हात सोडतो. नीट बसलं ते परकं, टोचलं ते आपलं, एवढीच त्याची अक्कल, आणि एवढ्या अकलेवर माणसाची जात आजवर तगून राहिली, याचं तिला रोज नव्यानं कौतुक वाटायचं. आज वाटलं नाही. आज तिला फक्त तो दुवा दिसत होता, मुठीच्या अंगठ्याच्या बुडाशी असलेला, आणि तिथलं ते बदललेलं अक्षर.

कारण तो बदल त्यांचा होता. म्हणजे, इतकी वर्षं ते तसंच समजत आले होते. ती नवीन दाखल झाली तेव्हा प्रयोगशाळेत एक रीत होती, आजही आहे: नव्या माणसानं पहिला धडा स्वतःच्या रक्तावर गिरवायचा. दंडातून थोडं रक्त द्यायचं, त्यातून हव्या त्या जनुकाची नक्कल काढायची, ती जिवाणूत घालून वाढवायची. चुकलं तर कुणाचं नुकसान नाही, रक्त आपलंच. रक्त काढताना तिला घेरी आली होती, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी – त्यांना सगळे थोरले म्हणत, पाठीमागे आणि अलीकडे तोंडावरही – तिला बिस्किटाचा पुडा देऊन म्हटलं होतं, "विज्ञानासाठी रक्त सांडलंस, आता खाऊन घे." तिनं काढलेल्या नकलेत एक अक्षर वेगळं आलं. साहजिक होतं. नक्कल काढणारं रसायन मधूनमधून चुकतंच, पोरं शुद्धलेखनात चुकतात तसं. ती ते फेकून देणार होती. पण गंमत म्हणून तिनं त्याचं प्रथिन बनवलं, विषाणूच्या धाग्यावर बसवलं, बर्फात गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, आणि थोरले स्क्रीनपाशी येऊन उभेच राहिले. बाकीचे रेणू फोटो काढेपर्यंत धाग्यावरून सुटून जात, चित्र धुरकट येई. हा सुटत नव्हता. वर्गाच्या फोटोत सगळी पोरं हललेली आणि एकच शहाणं बाळ स्तब्ध, तसा तो. "चुकीचा आहे, पण गुणी आहे," थोरले म्हणाले. "बसला की उठत नाही. पाहुणा म्हणून वाईट, नोकर म्हणून उत्तम. ठेवा." कुणीतरी त्याचं नाव चिकट्या ठेवलं. मग सगळी कामं चिकट्यावरच झाली. मूठ धाग्याच्या कण्याला कुठे टेकते, कुठला दुवा खोबणीत उतरतो, रांगेतला एक दुसऱ्याला कसा धरतो, हे सगळं जगाला पहिल्यांदा दाखवलं ते चिकट्यानं. आणि प्रत्येक लेखात एक वाक्य ठरलेलं असे: या बदलामुळे रेणूची ओळखण्याची रीत बदलत नाही, नुसती पकड स्थिर होते. ते वाक्य तिनंच लिहिलं होतं. रसायनाची चूक म्हणून शिक्का मारल्यावर आपलं रक्त पुन्हा तपासून बघावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं तर हसेल. पण त्या कामात मुरलेला माणूस हसणार नाही, तोही हीच चूक करेल.

चढावर तिला धाप लागली आणि ती एका पायरीवर टेकली. तळहात समोर धरून बघितला. आत चिकट्या होता. प्रत्येक पेशीत होता, आत्ता, या मिनिटाला, आणि काही करत नव्हता. आपल्याला साधा ताप आला तरी चार दिवसांत उतरतो, लहानपणापासून आपण काटक म्हणून नावाजलेल्या. असं कसं? तिला स्वतःच्या हाताची भीती वाटली आणि मग भीती वाटल्याची लाज वाटली. आणि धाकटी आठवली, बालवाडीत शिकवणारी, पोट पुढे आलेलं असतानाही पोरांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसणारी. मुंगी पोटात असताना धाकटीला दोन दिवस ताप आला होता, बस्स, तेवढंच. मुंगी लहानखुरी जन्मली, रडायची फार, आणि मेंदूच्या फोटोत खडूच्या कणांसारखे ठिपके निघाले. पोटात असतानाच विषाणू शिरला तर असंच दिसतं. "गरोदरपणात काही ताप वगैरे?" एका डॉक्टरनं विचारलं, सहज, आणि तिथेच धाकटीचा निकाल लागला. मग विषाणूचा शोध सुरू झाला. रक्तात शोधला, पाठीच्या पाण्यात शोधला, या प्रयोगशाळेत, त्या प्रयोगशाळेत. नाही सापडला. पण चोर सापडला नाही म्हणून चोरी झालीच नाही असं कुणी म्हणत नाही. सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसत फिरली, आणि आता भोगतंय कोण?" नवरा पेपरात डोकं घालून बसला, ते जास्त वाईट. धाकटीनं नोकरी सोडली. दाराशी साबण आला. पाव्हण्यांनी हात धुवायचे, चपला बाहेर, आणि लहान मुलांना तर उंबऱ्याच्या आत मज्जाव. जी बाई वीस-वीस पोरं अंगाखांद्यावर खेळवायची, तिच्या स्वतःच्या पोरीनं आजवर एकाही पोराचा हात धरला नव्हता. मुंगी खिडकीशी पाय पसरून बसायची आणि खालच्या अंगणातल्या मुलांना वरूनच हुकूम सोडायची, पळा, थांबा, आता तू पड. फोनवर धाकटी रोज सांगायची, आज बोटं अशी दिसतायत, आज गुडघा वाकत नाही. ही ऐकायची, हळहळायची, आणि फोन ठेवून चिकट्याकडे वळायची. ती उठली आणि उरलेला चढ जवळजवळ पळत चढली.

थोरल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "योगायोग," ते म्हणाले.

"नाही."

"अगं, नळ्यांची अदलाबदल झाली असेल त्यांच्याकडे. तुझ्या हातून काही तिथे गेलं होतं का?"

"मी त्या दवाखान्यात आज पहिल्यांदा पाय ठेवला."

"मग आधी तुझं रक्त बघ. उगीच भूत उठवू नकोस." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आणि समजा असलं, तरी त्यानं काय सिद्ध होतं? तुझ्यात आहे आणि तू ठणठणीत आहेस. उलट बदल निर्दोष ठरला की. चिकट्या विषाणूला घट्ट धरतो. चांगलंच आहे ते. आपल्या स्वतःच्या आरएनएला धरतो असं कुठे दिसलंय आपल्याला?"

ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, आणि तिला कचरा आठवला. इतका रोजचा होता तो, की आठवायलाही वेळ लागला. नक्कल जिवाणूत वाढे, पण खुद्द चिकट्या ते माणसाच्या पेशींमध्येच बनवत, प्रयोगशाळेत थर करून वाढवलेल्या पेशी. पेशी फोडून तो बाहेर काढला, आणि विषाणूचा धागा घालण्यापूर्वी, नुसताच कोरा बघितला, तर चित्रात इकडेतिकडे बारीक तुकडे दिसत, आखूड, वाकडे. साध्या रेणूत ते नसत. चिकट्या म्हणजे गुणी पण मळका, असं सगळे म्हणत. म्हणून मग तो खारट पाण्यानं धूत, आरएनए खाणारं रसायन घालून पुन्हा धूत, चित्र स्वच्छ होईपर्यंत. नव्या मुलांना ती स्वतः शिकवायची: धुण्यात कंजूषपणा करायचा नाही. "कचरा," ती म्हणाली. थोरल्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना लगेच कळलं नाही, आणि मग कळलं, ते तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "न धुतलेला चिकट्या आहे का थोडा?" त्यांनी विचारलं.

होता. तिनं सूक्ष्मदर्शकात सरकवायच्या बारीक जाळीवर थेंब ठेवला, रंग दिला, टिपकागदानं टिपला. घाईत पहिली जाळी फाटली. दुसरी नीट झाली. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत पंख्याचा आवाज आणि यंत्राचा घुमार, आणि स्क्रीनवर करडं मैदान. आणि त्या मैदानावर रांगा. कचरा म्हणून बघितलं की कचरा दिसे. आज रांगा म्हणून बघितलं, आणि मुठीला मूठ टेकलेली दिसली. सरळ नव्हत्या त्या. जिथे जोडी जुळत नव्हती तिथे धागा कोपरासारखा वाकला होता, फुगला होता, साधा रेणू तिथेच हात सोडून निघून गेला असता. चिकट्या त्या फुगवट्यावरूनही गच्च पुढे गेला होता. कुठलाही विषाणू त्या नळीत नव्हता. कुणी घातलाच नव्हता. हे सगळं त्यानं माणसाच्या स्वतःच्या धाग्यांना धरलं होतं, आपल्याच पेशीच्या आपल्याच धाग्यांना, आणि पहिल्या दिवसापासून तो ते त्यांना दाखवत आला होता. तिच्या तोंडून आवाज निघाला, तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. थोरले मागे उभे होते. "आपण हे धुतलं," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले आणि स्क्रीनवरच्या रांगा बोटानं मोजू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या रक्ताचा निकाल आला. चार अक्षरांच्या चार रंगांतल्या डोंगरांची ओळ, सगळीकडे एकेक डोंगर, स्वच्छ, आणि त्या जागी दोन, एकात एक घुसलेले. एक नेहमीचं अक्षर एका पालकाकडून, दुसरं, चिकट्याचं, दुसऱ्याकडून. आई गेली, बाबा गेले, आता विचारायचं तरी कुणाला. थोरल्यांनी तो आलेख बघितला. "ते वाक्य मागे घ्यावं लागेल," ते म्हणाले. "सगळ्या लेखांतून."

"माझं वाक्य आहे. मी घेते."

"आपलं आहे. पत्र मी लिहितो. तू आधी तिकडे जा. हे फोटो घेऊन जा आणि त्या बाईंना म्हणावं, वाटेल तेव्हा मला फोन करा." ती दारात पोचली तेव्हा ते पाठीमागून म्हणाले, "पोरगी चालते का गं?" "भिंत धरून," ती म्हणाली. त्यांनी मान खाली घातली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो पुन्हा पुन्हा बघितले. हुशार बाई; दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही नेमके. थोरल्यांशी फोनवर बोलल्या. मग फोन ठेवून धाकटीकडे वळल्या. "औषध सुरू करू," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळपासून. आग इथे थांबेल असं मला वाटतं. जे जळून गेलंय ते परत येईल का, ते मी नाही सांगू शकत. थोडं येतं कधीकधी." धाकटी मान हलवत होती, हलवतच राहिली. हिला वाटलं होतं ती रडेल, निदान आनंदानं. पण धाकटीच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी होतं, कुठलंसं गणित सुटत नसल्यासारखं.

"म्हणजे विषाणू?" धाकटीनं विचारलं.

"नव्हता," ती म्हणाली.

"आता नाही, की..."

"कधीच नव्हता. हा बदल आपल्या घरातला आहे. माझ्यात आहे. तुझ्यातही असणार, तुझ्यातूनच तिच्यात आला. तिचं शरीर स्वतःलाच विषाणू समजून बसलंय."

"माझा ताप?"

"तापाचा काही संबंध नाही."

"बालवाडी?"

"नाही गं."

"मग आपण दोघी धडधाकट कशा?"

"माहीत नाही." एवढा एकच प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, कुणाकडेच नव्हतं. "मला खरंच माहीत नाही. एकाच घरात एकाला होतं, एकाला होत नाही. आणि मला हे आधी दिसायला हवं होतं. समोर होतं माझ्या."

धाकटीनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती मुंगीच्या पायातला सरकलेला मोजा वर ओढत होती. "म्हणजे इतके दिवस," ती सावकाश म्हणाली, "ती मुलांमध्ये खेळली असती, तर काही झालं नसतं?"

डॉक्टरीणबाई आणि ती, दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "इतर कुठल्याही मुलाला होतं तेवढंच," बाई म्हणाल्या. "सर्दी झाली असती, पडसं झालं असतं." मग त्यांनी घसा साफ केला. सांगणं त्यांचं काम होतं. "पण आता मात्र खरंच जपावं लागेल. औषधानं ती ओरड बंद पडेल ना, म्हणजे खरा विषाणू आला तरी शरीर गप्प बसेल. पुढचे काही महिने गर्दी नको. मुलं तर नकोच. दाराशी साबण ठेवा, येणाऱ्यांना हात धुवायला सांगा. तुम्हाला जमेल का?"

धाकटी हसली. "जमेल," धाकटी म्हणाली. "सवय आहे."

मुंगी टेबलावरची लाकडी मोटार बाईंच्या कागदांवरून चालवत होती आणि तोंडानं आवाज काढत होती. धाकटी तिच्याकडे बघत राहिली, मग खिडकीकडे, बाहेर अजून चांगलं ऊन होतं, शाळा सुटायची वेळ होत आली होती. तिनं मुंगीला उचलून कडेवर घेतलं, पिशवी खांद्याला लावली.

"औषध उद्या सकाळपासून ना?" तिनं विचारलं.

"हो. उद्या सकाळी."

"मग आज चालेल?"

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून आधी हिच्याकडे बघितलं, मग धाकटीकडे. "खोकणारं, तापलेलं कुणी जवळ नको," त्या म्हणाल्या. "बाकी... हो. आज चालेल."

धाकटी दारापर्यंत गेली आणि थांबली. "ताई, चल ना लवकर," ती म्हणाली. "अंधार पडला की मुलं घरी जातात."